खाद्यतेलामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा आजार? हे काय प्रकरण आहे?

सायली_के
नमस्कार मंडळी. धागा जरा लांबट होईल, चहा घेऊन बसा.

माझ्या मावशीला, वय ५८, नुकतंच पल्मनरी हायपरटेन्शनचं निदान झालं. नेहमीचं बीपी नव्हे, ते तिचं एकदम व्यवस्थित आहे. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांत रक्त नेणाऱ्या धमन्यांमधला दाब वाढलाय. जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी पाय सुजायचे. घरातले सगळे, त्यात मीही आले, "वजन कमी कर, फिरायला जा" एवढंच सांगत होतो. शेवटी एकाने टू-डी एको करायला लावला आणि मग धावपळ सुरू झाली.

दवाखान्यातून एक माहितीपुस्तिका मिळाली. तिच्यात कारणांची यादी आहे. वजन कमी करण्याच्या काही गोळ्या, काही नशेचे पदार्थ आणि त्यांच्याच शेजारी "विषारी रेपसीड तेल". बाकीचं समजलं, पण तेल? तेलाने कोलेस्टेरॉल वाढतं, फार तर पोट बिघडतं. फुप्फुसाच्या नळ्या कशा बिघडतील? आमच्याकडे वर्षानुवर्षं ओळखीच्या दुकानातून सुटं तेल येतं, त्यामुळे आई आता किटलीकडे संशयाने बघते. कुणाला याबद्दल नीट माहिती आहे का?

खोचक_आजोबा
बटाटेवड्याने धाप लागते हे आम्हाला पूर्वीपासून ठाऊक आहे. पण ती तिसऱ्या वड्यानंतर.

पल्मो_पुणे
सायली, मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. इथे बसून निदान करत नाही, फक्त माहिती देते.

पुस्तिकेत लिहिलंय ते बरोबर आहे. औषधं आणि विषारी पदार्थांमुळे होणाऱ्या या आजाराची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात "निश्चित कारण" या गटात हे तेल आजही आहे. मात्र ते तेल म्हणजे एका देशात, एका वर्षी विकला गेलेला विशिष्ट माल होता. स्पेन, १९८१. तुमच्या किटलीतल्या तेलाशी त्याचा संबंध नाही, हे आईंना आधी सांगा.

आता "तेलाने नळ्या कशा बिघडतात" याबद्दल. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. पोटातून रक्तात गेलेलं काही विष या अस्तरालाच इजा करतं. मग ते सुजतं, भिंतीतल्या पेशी वाढत जातात, वाहिनी जाड आणि अरुंद होते, कधी आत गुठळी धरते. शरीरातलं सगळं रक्त दर फेरीत फुप्फुसातून जातं, त्यामुळे तिथल्या बारीक धमन्यांना ही झळ चांगलीच लागते. मोटार तीच आणि पुढचा पाइप चेमटलेला, अशी हृदयाच्या उजव्या बाजूची गत होते. काही काळ ती जोर लावते, नंतर थकते. पाय सुजतात ते तेव्हा.

स्पेनमधल्या रुग्णांपैकी जे या दुखण्याने गेले, त्यांच्या फुप्फुसांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कारण न सापडणाऱ्या पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये दिसतात तसेच बदल होते. म्हणून तर या घटनेला आमच्या शाखेत इतकं महत्त्व आहे.

इंद्रायणी
बाप रे. हे कधी ऐकलंच नव्हतं. स्पेनमध्ये नक्की काय झालं? कुणीतरी सविस्तर लिहा ना.

मद्रिदकर
इंद्रायणीताई, लिहितो. मी इथे बरीच वर्षं नोकरीला आहे. बायको आणि मी भारतातल्या सवयीने फोडणीला स्वस्तातलं तेल शोधत होतो. ऑलिव्ह तेलात मोहरी तडतडवायला जीवावर येतं हो. ऑफिसमधल्या एका वयस्कर बाईंना सहज विचारलं, "इथे कोल्झा मिळत नाही का?" कोल्झा म्हणजे रेपसीड, आपल्या मोहरीचंच भावंड. बाईंचा चेहरा असा झाला की मी काही अचकट बोललो की काय असं वाटलं. मग त्यांनी ही सगळी हकिगत सांगितली. नंतर मीही बरंच वाचून काढलं.

१ मे १९८१. मद्रिदच्या पूर्वेला तोरेहोन दे आर्दोस नावाचं गाव आहे. तिथला आठ वर्षांचा मुलगा श्वास कोंडून इस्पितळाच्या वाटेवरच गेला. घरातली बाकीचीही आजारी. पुढच्या काही दिवसांत मद्रिदची इस्पितळं भरू लागली. ताप, अंगावर पुरळ, खोकला, धाप, एक्स-रेमध्ये फुप्फुसात पाणी. घरच्या घर आजारी पडायचं, म्हणून सगळ्यांना वाटलं संसर्गच असणार. "अटिपिकल न्यूमोनिया" असं नाव पडलं. अँटिबायोटिकं सुरू झाली. उपयोग शून्य.

देशाची परिस्थिती बघा. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला संसदेत बंदुका घेऊन शिरलेल्यांनी लष्करी उठाव करायचा प्रयत्न केला होता. लोकशाही नवीकोरी, सरकार हादरलेलं. आणि आरोग्यमंत्री सांचो रोफ यांनी लोकांना धीर द्यायला काय सांगावं? की हा आजार एका छोट्याशा किड्यामुळे होतो, त्याचं नाव आणि पहिलं आडनाव आम्हाला माहीत आहे, दुसरं आडनाव तेवढं कळायचंय. आणि तो इतका बारीक आहे की टेबलावरून पडला तर मरेल. इथे माणसाला दोन आडनावं असतात, त्यावरचा विनोद. चाळीस वर्षं उलटली तरी लोक हे वाक्य विसरलेले नाहीत. ऑफिसमधल्या बाईंनी मला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

खोचक_आजोबा
मंत्री आणि किडा यांत आधी कोण पडलं टेबलावरून?

मद्रिदकर
आजोबा, मंत्री. पण उशिरा.

पुढचं सांगतो. अंतोनियो मुरो नावाचे डॉक्टर तेव्हा मद्रिदच्या एका मोठ्या इस्पितळाचं संचालकपद सांभाळत होते. त्यांनी मे महिन्यातच म्हटलं की हे हवेतून पसरत नाहीये, तोंडावाटे पोटात जातंय. रोगी कुठल्या वस्त्यांत आहेत, तिथे आठवडी बाजार कधी भरतो, याचा नकाशाच मांडला. वरच्यांना ते रुचलं नाही आणि त्यांना पदावरून बाजूला केलं.

तेलापर्यंत पोचले ते लहान मुलांच्या इस्पितळातले डॉक्टर ताबुएन्का. तान्ही मुलं फार गोष्टी खात नाहीत, त्यामुळे आयांना बारकाईने विचारलं की यादी छोटी निघते. प्रत्येक आजारी बाळाच्या घरी एकच वस्तू सापडत गेली, फेरीवाल्याकडून घेतलेलं सुटं तेल. लेबल नसलेले पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन. १० जूनला रात्री उशिरा टीव्हीवर सरकारने जाहीर केलं. जूनअखेर "तुमचं तेल आणून द्या, बदल्यात शुद्ध ऑलिव्ह तेल घ्या" अशी मोहीम निघाली.

एकूण बाधित सुमारे २० हजार. पहिल्या काही वर्षांत ३०० वर माणसं गेली. जास्त करून मद्रिदच्या आसपासच्या कामगार वस्त्या आणि वायव्येकडचे प्रांत. पैसेवाल्यांच्या घरी ब्रँडचं ऑलिव्ह तेल होतं, ते वाचले.

घाणेवाला_बार्शी
मद्रिदकर, छान लिहिलंत. पण मूळ मुद्दा राहिला. रेपसीड तेल तर अर्धं जग खातं. कॅनोला म्हणून महाग बाटल्या विकतात आपल्याकडे. मग त्यात विष आलं कुठून?

मद्रिदकर
तिथेच तर गंमत, म्हणजे गंमत कसली.

स्पेन ऑलिव्हचा देश. बाहेरचं स्वस्त तेल आलं तर आपला शेतकरी बुडेल म्हणून खाण्यासाठी रेपसीड आणण्यावर निर्बंध होते. कारखान्यांसाठी मात्र आणायला मुभा होती. अट अशी की त्यात आधी काहीतरी मिसळून ते खाण्यालायक ठेवायचं नाही. म्हणून फ्रान्समधून येणाऱ्या तेलात २ टक्के अॅनिलिन घालत. अॅनिलिन म्हणजे रंग बनवण्याच्या कारखान्यात लागतं ते रसायन.

स्वस्त तेल दारात आलेलं, खाण्याच्या तेलाचा भाव दणदणीत. काही व्यापाऱ्यांनी ते रिफायनरीत नेलं, तापवून अॅनिलिन काढून टाकायचा प्रयत्न केला, इतर तेलांत मिसळलं आणि फेरीवाल्यांमार्फत विकलं. बराचसा माल सेव्हिलच्या एका रिफायनरीतून गेलेला, आणि आजाराचा धागा तिथेच जाऊन पोचतो.

घाणेवाला_बार्शी
आता कळलं. अॅनिलिन पुरतं निघालं नसणार.

पल्मो_पुणे
तेवढंच असतं तर सोपं होतं. नुसत्या अॅनिलिनची विषबाधा वेगळी असते, त्यात रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं आणि माणूस निळा पडतो. इथे तसं दिसलं नाही. तापवताना अॅनिलिनची तेलातल्या स्निग्ध आम्लांशी अभिक्रिया झाली आणि नवीच संयुगं तयार झाली, फॅटी अॅसिड अॅनिलाइड्स आणि त्यांच्या जातीची इतर. रोग्यांच्या घरच्या तेलात ती सापडली, आणि जितकी जास्त तितका आजाराचा धोका जास्त, असंही दिसलं. म्हणजे तेल शुद्ध करायला गेले आणि त्या प्रक्रियेतच विष तयार झालं.

आजार टप्प्याटप्प्याने उलगडला. आधी फुप्फुसात पाणी, ताप, रक्तात इओसिनोफिल (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) भरमसाट. मग काही आठवड्यांनी स्नायूंत भयंकर वेदना, वजन घटणं, गुठळ्या, आणि पल्मनरी हायपरटेन्शन. त्यानंतर कातडी घट्ट होणं, हातापायांच्या नसा दुबळ्या होणं, सांधे आखडणं. फुप्फुसाचा दाब पुष्कळांत सौम्य होता आणि पुढे उतरला. थोड्यांत तो चढतच गेला, आणि त्यात तरुण बायका बऱ्याच होत्या. तेव्हा त्यांना द्यायला काय होतं? ऑक्सिजन, लघवीच्या गोळ्या, रक्त पातळ करायचं औषध. बोसेंटन हे या आजारावरचं औषध बाजारात यायलाच पुढे वीस वर्षं गेली.

शंकासुर
सगळे एका सुरात "तेल तेल" करताय म्हणून मी थोडं मीठ टाकतो.

एक, हे तेल प्राण्यांना पाजून हा आजार आजवर कुणाला हुबेहूब घडवता आलेला नाही. दोन, नव्या रुग्णांचा आकडा १० जूनच्या घोषणेआधीच उतरायला लागला होता. तीन, ज्या मुरोंचं तुम्ही कौतुक करताय, ते स्वतःच पुढे म्हणत होते की तेल नाही, अल्मेरियाकडच्या टोमॅटोवर मारलेलं कीटकनाशक. चार, तोरेहोनला अमेरिकेचा हवाई तळ होता. पाच, सरकारने आधी किडा सांगितला आणि मग तेल. एकदा खोटं बोलणाऱ्यावर दुसऱ्यांदा विश्वास का ठेवायचा?

खोचक_आजोबा
सहा, तुमचं टोपणनाव.

पल्मो_पुणे
शंकासुर, पहिले दोन मुद्दे खरे आहेत, ते मी उडवून लावणार नाही. प्राण्यांवरचा प्रयोग जमलेला नाही, आणि नेमकं कुठलं संयुग दोषी यावर अजून शंभर टक्के शिक्का नाही.

पण साथ तर्काने तपासायची असते. टोमॅटो देशभर गेले, परदेशातही गेले. आजार मात्र जिथे हे तेल गेलं तिथेच झाला. एकाच गल्लीत तेच टोमॅटो खाणारी दोन घरं, फेरीवाल्याचं तेल घेणारं आजारी आणि न घेणारं ठणठणीत. शिवाय ऑर्गनोफॉस्फेटची, म्हणजे तसल्या कीटकनाशकांची, विषबाधा आम्ही इथे दर पावसाळ्यात बघतो. बाहुल्या बारीक, तोंडाला फेस, घाम. त्यात इओसिनोफिल वाढत नाहीत, महिन्यांनी कातडी घट्ट होत नाही.

खटल्यात सर रिचर्ड डॉल यांची साक्ष झाली होती. सिगरेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं ज्यांनी दाखवलं ते डॉल. सुरुवातीला तेही साशंक होते. सगळे कागद तपासून त्यांनी कौल तेलाच्या बाजूने दिला. हवाई तळाबद्दल माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही, कारण त्याला पुरावाच नाही.

शंकासुर
तर्क मान्य. पण पुरावा सरकारनेच घालवला हेही लिहा. तेल बदलून देताना कुणी कुठलं तेल आणलं, कुणाच्या घरचं, याची धड नोंद ठेवली नाही. फुकट ऑलिव्ह तेल मिळतंय म्हटल्यावर लोकांनी घरात असेल ते तेल नेऊन दिलं. मग अभ्यास करणार कशावर?

मद्रिदकर
हा मुद्दा मात्र शंभर नंबरी. इथे आजही त्यावर चीडचीड होते.

वऱ्हाडी_ठेचा
आपल्याकडं फुकट तेल वाटलं असतं तर लोकांनी मोटारसायकलचं ऑइल नेऊन देल्लं असतं ना भाऊ. आन् वरून म्हंटलं असतं, डबा वापस द्या.

दिल्लीवाली_वहिनी
मला १९९८ ची दिल्ली आठवली. ऑगस्ट-सप्टेंबर. आम्ही तेव्हा करोलबागेत राहायचो. पाय सुजून, लाल होऊन, धापा टाकत लोक दवाखान्यात जायला लागले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. ६० वर माणसं गेली, हजारो इस्पितळात. सरसोंच्या तेलावर बंदीच आली काही काळ. आमच्या घरमालकीणबाईंनी तेलाचा अख्खा पिंप गच्चीच्या मोरीत ओतला आणि पुढचे कित्येक दिवस तो जिना घसरगुंडी झाला होता. आम्ही मराठी घर, शेंगदाणा तेलावर जगणारं, म्हणून निभावलो. फक्त लोणच्याची बरणी गेली, तिचं दुःख मला अजून आहे.

डॉक्टर, हे तेच ना?

पल्मो_पुणे
वहिनी, जवळचं आहे, पण तेच नाही. ते दुखणं एपिडेमिक ड्रॉप्सी. पिवळ्या धोत्र्याच्या बियांत सँग्विनारिन नावाचं विष असतं. त्याने केशवाहिन्या फैलावतात आणि झिरपू लागतात, म्हणून पायांना सूज, फुप्फुसात पाणी, हृदय थकणं, कधी काचबिंदूसुद्धा. तेल थांबवलं की बहुतेकजण हळूहळू सावरतात. फुप्फुसाच्या धमन्या कायमच्या अरुंद होणं हे तिथलं मुख्य दुखणं नाही. पण रक्तवाहिन्यांवर घाव घालणारं भेसळीचं तेल म्हणाल तर दोघं एकाच पंगतीतले.

रानवेडा
मग मी या पंगतीत तिसरं पान मांडतो, आणि हे तर आपल्या बांधावरचं आहे.

खुळखुळा सगळ्यांनी पाहिला असेल. पिवळी फुलं, फुगीर शेंग, वाळली की आत बिया वाजतात. शाळेतून येताना शेंग कानाशी हलवली नाही असा खेड्यातला मुलगा दाखवा. क्रोटालारिया हे त्याचं कूळ, हिरवळीच्या खताचा ताग त्यातलाच. या कुळातल्या बऱ्याच जातींच्या बियांत पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स ही विषारी द्रव्यं असतात. १९७५ च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात आणि आताच्या छत्तीसगडमध्ये, आदिवासी गावांत लोकांची पोटं पाण्याने फुगायला लागली. गोंदली नावाच्या बारीक तृणधान्यात या कुळातल्या तणाच्या बिया मिसळल्या गेल्या होत्या. ६७ रुग्ण नोंदले गेले, २८ दगावले. यकृतातल्या बारीक शिरा बंद पडल्या होत्या.

आता डॉक्टरांसाठी प्रश्न. ते यकृत झालं. फुप्फुसाचं काय?

पल्मो_पुणे
वा, रानवेडा, तुम्ही तर माझ्या आवडत्या विषयावर आलात. त्याच कुळातल्या एका झाडातून मोनोक्रोटॅलिन नावाचं विष काढतात. उंदराला त्याचं एक इंजेक्शन दिलं की तीन-चार आठवड्यांत पल्मनरी हायपरटेन्शन होतं. विष यकृतात जाऊन आणखी जहाल होतं आणि तिथून निघालं की पहिला मोठा थांबा फुप्फुसं. १९६० च्या दशकात उंदरांना त्या बिया खाऊ घालून हे दाखवलं गेलं. आज या आजाराचं जवळजवळ प्रत्येक नवं औषध आधी याच उंदरांवर तपासलं जातं. सायलीच्या मावशींच्या गोळ्यांमागेही कुठेतरी खुळखुळ्याचा भाऊबंद आहे.

माणसात मात्र या बियांनी मुख्यतः यकृतच जातं. तेव्हा सरगुजाला मी फुप्फुसाच्या खात्यात टाकणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा
माह्या शेतात धुऱ्यावर ताग हाय. बैलानं खाल्ला त काय व्हते?

रानवेडा
फुलोऱ्यावर आला की गाडून टाका, खत म्हणून सोनं आहे. बिया धरू देऊ नका आणि पेंडीत, कडब्यात मिसळू देऊ नका. या कुळाच्या बियांनी जनावरं मेल्याची उदाहरणं अनेक देशांत आहेत.

संपादक_मंडळ
धागा चांगला चालला आहे. बैलांसाठी शेती विभागात वेगळा धागा काढावा.

गोंयकार_मुंबयत
एक सांगा, आमच्या गोव्यात खोबरेल तेल गिरणीतून आणतात. आई वास घेऊन सांगते कोणत्या गिरणीचं ते. नाकाने कळतं का भेसळ?

घाणेवाला_बार्शी
खवट झालेलं कळतं. पामतेल मिसळलेलं नाकाने कळेलच असं नाही, मला स्वतःला तीस वर्षांच्या धंद्यानंतरही खात्रीने सांगता येत नाही. धोत्र्याची भेसळ तर मुळीच नाही. त्यासाठी तेलात नायट्रिक अॅसिड घालून हलवतात, खालचा थर लालसर झाला की संशय पक्का. पण हे घरी करू नका, अॅसिडने हात जळतील. आणि स्पेनच्या तेलातलं ते जे काही होतं, ते तर प्रयोगशाळेलाच सापडावं.

माझा धंदा म्हणून सांगत नाही, पण घाण्यावरचं तेल घेणार असाल तर समोर उभं राहून काढून घ्या. करडई स्वतःची न्या. बी चाळताना बघा, त्यात काय काय निघतं ते. पहिल्या घाण्याची पेंड हातात घ्या, ती कोमट आणि बोटाला जेमतेम तेलकट लागली पाहिजे. वरून कॅनमधलं तेल सोडणारे लोक आहेत, नाही म्हणत नाही. "लाकडी घाणा" पाटी लावून मागे रिफाइंडचे १५ किलोचे डबे रिकामे करणारा मी डोळ्यांनी पाहिलाय.

इंद्रायणी
पण काका, सुटं तेल विकायला परवानगी आहे का मुळात?

घाणेवाला_बार्शी
२०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे, राज्याने खास सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. किती पाळतात ते तुम्ही कुठल्याही बाजारात जाऊन बघा. राग सुट्या तेलावर नाही हो माझा. ज्याच्यावर नाव नाही त्याच्यामागे जाणार कसं? स्पेनच्या त्या कॅनवर नाव असतं तर पहिल्या आठवड्यात पकडलं असतं.

शंकासुर
नाव असलेल्या बाटल्याही भेसळीच्या निघतात.

घाणेवाला_बार्शी
निघतात. पण मग खटला कुणावर भरायचा ते तरी कळतं.

इंद्रायणी
खटल्यावरून आठवलं, मद्रिदकर, त्या व्यापाऱ्यांचं पुढे काय झालं?

मद्रिदकर
१९८७ ला मोठा खटला उभा राहिला, १९८९ ला निकाल. काहींना तुरुंगवास झाला, पण लोकांच्या दृष्टीने फारच थोडा, कोर्टात आरडाओरडा झाला. १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवल्या. मग सरकारी अधिकाऱ्यांवर वेगळा खटला, आणि १९९७ ला न्यायालयाने सरकारही भरपाई द्यायला जबाबदार असल्याचं ठरवलं. आजार होऊन सोळा वर्षांनी.

आणि हे संपलेलं नाही बरं का. ऑक्टोबर २०२१ मध्ये पीडितांपैकी सहा जण मद्रिदच्या प्रादो संग्रहालयात गेले आणि चित्रकार वेलास्केसच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रापुढे ठाण मांडून बसले. मागण्या औषधोपचारांच्या, मदतीच्या, आणि पंतप्रधानांनी भेटावं अशी. वयस्कर माणसं. मी तेव्हा मद्रिदमध्येच होतो. ऑफिसमधल्या पंचविशीतल्या पोरांना हे कोण लोक आहेत ते गूगल करावं लागलं.

खोचक_आजोबा
या वेळी विनोद सुचत नाहीये. पुढे चालू द्या.

सायली_के
सगळ्यांचे खूप आभार. मी कामात होते, आज सगळं एका बैठकीत वाचलं. आईला किटलीबद्दल सांगितलं, ती म्हणाली "तरी पण पॅकबंद आण." ठीक आहे.

मावशीला सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, सुरू झालंय. औषधाच्या दुकानात मी चिठ्ठी दिली तर दुकानदाराने आधी गोळी बघितली, मग मला बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या मावशीच्या यजमानांना. काकांचे कान लाल. पाठीमागची रांग एकदम शांत. मी मोठ्याने म्हटलं, "फुप्फुसाच्या बीपीसाठी आहे, दिवसातून तीनदा." तर दुकानदार म्हणतो, "तीनदा?"

वऱ्हाडी_ठेचा
काकाचा मान वाढला ना पन गावात.

खोचक_आजोबा
मला विनोद सुचू लागला, पण संपादक मंडळ जागं आहे.

पल्मो_पुणे
हे प्रत्येक रुग्णाच्या घरी घडतं. त्या गोळीने फुप्फुसातल्या धमन्या सैलावतात, म्हणून ती दिली जाते. एक सूचना: छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घरात कुणाची असेल तर ती मावशींना चुकूनही देऊ नका, बीपी धोकादायकरीत्या पडतं.

सायली, आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. मावशींनी १९८१ मध्ये स्पेनमध्ये फेरीवाल्याकडून तेल घेतलं नसेल तर ते कारण खोडून टाक. आपल्याकडे सहसा वेगळीच कारणं निघतात. हृदयाच्या डाव्या बाजूचं दुखणं, संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप, लहानपणापासूनचं न बुजलेलं छिद्र, वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने खराब झालेली फुप्फुसं, जुन्या गुठळ्या. हे सगळं तपासून झाल्यावरच यादीतल्या औषधांकडे जायचं. पण विचारायचं नक्की. १९६० च्या दशकात युरोपात अमिनोरेक्स नावाची वजन कमी करायची गोळी आली आणि पाठोपाठ या आजाराची लाट. १९६८ ला ती मागे घ्यावी लागली. नंतर फेनफ्ल्युरामिन या तसल्याच गोळीच्या बाबतीत तेच. म्हणून विचारते, मावशींनी बारीक व्हायला काही घेतलं होतं का?

सायली_के
डॉक्टर, तुमचं वाचून मावशीला फोन केला. आधी "छे" म्हणाली. मग म्हणाली, मुलीच्या लग्नाआधी एका ओळखीच्या बाईंकडून पावडर घेतली होती, "पूर्ण आयुर्वेदिक आहे" म्हणून. भूक लागायची नाही, झोप उडायची, आठ-नऊ किलो गेले. किती महिने घेतली ते तिला नीट आठवत नाही. दवाखान्यात सांगितलं नाही, कारण "ते काय औषध होतं का?" डब्यावर नुसतं एक पान छापलेलं आणि पत्ता नाही. डबा अजून आहे, त्यात ती आता मेथीदाणे ठेवते.

घाणेवाला_बार्शी
बघा, पुन्हा बिननावाचा डबा.

पल्मो_पुणे
भूक मरणं आणि झोप उडणं, ही लक्षणं ऐकून माझे कान टवकारले. अशा पावडरींत काय मिसळलेलं असतं ते खाणाऱ्याला माहीत नसतं, पुष्कळदा विकणारीलाही नसतं. पण लगेच पावडरीवर खापर फोडू नकोस. आधी फुप्फुसाचा व्हीक्यू स्कॅन (हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी) झालाय का बघ. जुन्या गुठळ्या असतील तर शस्त्रक्रियेने त्या काढता येतात आणि उपचाराची सगळी दिशाच बदलते. हृदयाच्या उजव्या बाजूचं कॅथेटर, म्हणजे नळी घालून दाब मोजायची तपासणी, झालं असेल तर तो रिपोर्ट फाइलमध्ये लाव. मेथीदाणे दुसरीकडे काढ, डबा न धुता पिशवीत घाल, तळाला काही पावडर उरली असेल तर बरंच. पुढच्या तपासणीला जाताना तो तुमच्या डॉक्टरांपुढे ठेव आणि किती वर्षांपूर्वी घेतली ते लग्नाच्या तारखेवरून काढून सांग.

आणि ते मेथीदाणे खाऊ नका.